संगणकाचा ताप आणि पाण्याचा उतारा

चुलीवरून उतरलेलें दूध लवकर निवावें असें गृहिणीस वाटलें, तर ती त्यावर पंख्यानें वारा घालीत बसत नाहीं. परातींत थंड पाणी घेऊन त्यांत पातेलें ठेवून देते. हवेपेक्षां पाणी उष्णता अधिक त्वरेनें ओढून घेतें, हें ज्ञान तिला पदार्थविज्ञानाच्या पुस्तकावांचून परंपरेनेंच मिळालेलें असतें. आश्चर्याची गोष्ट ही, कीं माणसानें घडविलेल्या अत्यंत सूक्ष्म आणि अत्यंत वेगवान यंत्रांनाही अखेर ह्याच परातीचा आश्रय घ्यावा लागला. संगणक म्हटलें म्हणजे डोळ्यांपुढें अंकगणित उभें राहतें. परंतु त्याच्या इतिहासाचा निम्मा भाग जर अंकगणितानें व्यापलेला असेल, तर उरलेला निम्मा उष्णतेनें व्यापलेला आहे.

२०१४ सालच्या एप्रिल महिन्यांत ए. एम. डी. ह्या अमेरिकन कंपनीनें ‘रेडिऑन आर ९ २९५ एक्स २’ अशा लांबलचक नांवाचें एक ग्राफिक्स कार्ड बाजारांत आणलें. ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील चित्र रेखाटण्याचें काम ज्याच्याकडे सोंपविलेलें असतें, असें एक स्वतंत्र साधन. संगणकाच्या मुख्य बोर्डावरील खांचेंत तें उभें बसवितात. ह्या कार्डाची लांबी ३०७ मिलिमीटर, किंमत १,४९९ डॉलर आणि विजेची भूक ५०० वॅट होती. त्याहूनही विशेष म्हणजे त्याच्या पोटांतून दोन लवचिक नळ्या निघून एका चौकोनी रेडिएटरला जाऊन मिळत होत्या. मोटारगाडीच्या पुढच्या जाळीमागें जसा रेडिएटर असतो, तसाच हा. फक्त आकारानें हाताच्या पंजाएवढा. मुख्यतः खेळासाठीं विकत घेतल्या जाणाऱ्या एका वस्तूला असें नळकाम कां लागावें? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें, तर प्रथम रेडिओच्या खोक्यांत डोकावलें पाहिजे.

१९३० नंतरच्या दशकांत रेडिओचें मागील झाकण काढलें, कीं आंत तारांचा गुंतवळा दिसे. प्रत्येक तार मोजून कापावयाची, तिचीं टोकें सोलावयाचीं, योग्य ठिकाणीं टेकवावयाचीं आणि डाख देऊन पक्कीं करावयाचीं, असें तें सारें हातकाम होतें. एक डाख कच्चा राहिला, तरी सगळा संच मुका होई. व्हिएन्ना येथें १९०७ सालीं जन्मलेले पॉल आइसलर हे ज्यू अभियंते १९३६ सालीं मायदेश सोडून इंग्लंडांत आले. मुद्रणाच्या धंद्याशीं त्यांचा परिचय होता, आणि त्या परिचयांतूनच त्यांना एक कल्पना सुचली. जीं अक्षरें एकदां लिहावयास तास लागतो, तीं छापखाना क्षणांत हजार वेळां उमटवितो. मग तारांची जोडणी तरी हातानें कां करावी? विद्युत्-रोधक पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवावा, त्यावर जोडणीची आकृति आम्लास दाद न देणाऱ्या शाईनें छापावी, आणि पाटी आम्लांत बुडवावी. शाईखालचें तांबें शिल्लक राहतें, बाकीचें विरघळून जातें. आणि सर्व तारा एकदमच, जागच्या जागीं तयार होतात.

ही युक्ति त्यांनीं एका कारखान्यापुढें मांडली तेव्हां ती नाकारण्यांत आली. तारा जोडण्याचें काम मुली करीत होत्या, आणि त्या स्वस्तांत मिळत होत्या, हें त्या नकाराचें कारण होतें. पुढें महायुद्ध सुरूं झालें आणि शत्रुराष्ट्रांतून आलेला परका म्हणून आइसलर ह्यांना १९४० सालीं स्थानबद्ध करण्यांत आलें. सुटका झाल्यावर त्यांनीं १९४३ सालीं आपल्या पद्धतीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. दरम्यान विमानविरोधी तोफगोळ्यांत, लक्ष्याजवळ पोंचतांच स्फोट घडविणारें जें चिमुकलें रेडिओयंत्र बसवूं लागले होते, त्यामुळें छापील सर्किटांचें महत्त्व अमेरिकन सैन्यास पटलें. आणि १९४८ सालीं तें तंत्र तेथें व्यापारी उपयोगासाठीं खुलें झालें. आज संगणकांत, दूरध्वनींत, घड्याळांत जो हिरवा किंवा काळा सर्किट बोर्ड दिसतो, त्याचा वंश ह्या छापलेल्या पाटीपाशीं पोंचतो.

परंतु ह्या सोयीच्या पोटांतच पुढील अडचण दडलेली होती. हातानें जोडावयाच्या तारा एका मर्यादेपलीकडे दाटीनें बसवितां येत नाहींत. छापलेल्या तारांना ती मर्यादा नाहीं. त्या केसासारख्या बारीक करतां येतात, एकमेकींशेजारीं खेटून बसवितां येतात, आणि एका पाटीवर जागा पुरली नाहीं तर अनेक पाट्या एकावर एक चिकटवितां येतात. दाटी वाढली म्हणजे उष्णताही दाटते. संगणकांत शिरलेली वीज अखेर कोठें जाते, असा प्रश्न पुष्कळांना पडत असेल. ती जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णतेंत रूपांतर पावते. १९४६ सालीं अमेरिकेंत जनतेपुढें आलेल्या ‘एनिआक’ ह्या गणकयंत्रांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि तें सुमारें १५० किलोवॅट वीज घेई. तथापि तें एका प्रशस्त दालनभर पसरलेलें असल्यामुळें मोठमोठ्या पंख्यांच्या वाऱ्यावर त्याचें भागत असे. अडचण खरी सुरूं झाली, ती यंत्र लहान होऊं लागल्यावर.

यंत्र लहानच कां करावें, ह्याचें उत्तर सेमूर क्रे ह्यांच्याइतकें स्पष्टपणें क्वचितच कोणी ओळखलें असेल. विस्कॉन्सिन राज्यांतील चिपेवा फॉल्स ह्या गांवीं १९२५ सालीं जन्मलेल्या ह्या अभियंत्यानें आपलें सारें आयुष्य जगांतील सर्वांत वेगवान संगणक बांधण्यांत घालविलें. प्रकाशाचा वेग अफाट खरा. पण सेकंदाच्या एक अब्जांश भागांत प्रकाशही केवळ ३० सेंटिमीटर जातो, आणि तारेंतून धांवणारा संकेत त्याहूनही मागें राहतो. तेव्हां यंत्राच्या एका टोकाचा निरोप दुसऱ्या टोकाला वेळेवर पोंचावयाचा असेल, तर तार आंखूड असली पाहिजे. तार आंखूड करावयाची तर भाग जवळ आणले पाहिजेत. भाग जवळ आले म्हणजे त्यांची उष्णता एकवटते. आणि ती काढून नेली नाहीं, तर यंत्र स्वतःलाच भाजून काढतें. वेगाची ही किंमत चुकवितां येण्यासारखी नाहीं, हें जाणून क्रे ह्यांनीं शीतकरणाला यंत्ररचनेंत अगदीं आरंभापासून स्थान दिलें. १९६४ सालच्या ‘सी. डी. सी. ६६००’ ह्या त्यांच्या यंत्रांत शीतपेटींत वापरला जाणारा फ्रिऑन खेळविलेला होता, आणि ती योजना डीन रौश ह्या शीतकरण-अभियंत्याची होती.

१९७२ सालीं क्रे ह्यांनीं स्वतःची कंपनी काढली आणि १९७६ सालीं ‘क्रे-१’ हें यंत्र लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेंत दाखल झालें. वरून पाहतां त्याचा आकार इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा दिसे आणि भोंवतीं गादी घातलेलें गोल बांक असे. हा आकार शोभेसाठीं नव्हता. सर्व तारा ‘सी’ च्या आंतल्या बाजूस आल्यामुळें कोणतीही तार ४ फुटांहून लांब ठेवण्याची गरज राहिली नाहीं. बांकाखालीं वीजपुरवठ्याचीं साधनें होतीं. यंत्राचें हृदय सेकंदाला ८ कोटी ठोके देई आणि सुमारें ११५ किलोवॅट वीज खाई. म्हणजे एनिआकला दालनभर पसरून जी उष्णता सोडावयाची होती, तिच्या तीनचतुर्थांशाहून अधिक उष्णता येथें एका कपाटाएवढ्या जागेंत निर्माण होत होती.

ती बाहेर कशी काढली, हें पाहण्यासारखें आहे. कारण पुढील सर्व योजनांचें बीज त्यांत आहे. क्रे-१ मधील प्रत्येक घटकांत दोन छापील सर्किट बोर्ड पाठीला पाठ लावून बसविले होते आणि त्यांच्या मधोमध तांब्याचा एक जाड पत्रा होता. चिपांची उष्णता बोर्डांतून पत्र्यांत उतरे, पत्र्यांतून कडेला जाई, आणि कडेला उभ्या असलेल्या ॲल्युमिनिअमच्या दांड्यांत शिरे. त्या दांड्यांत पोलादी नळ्या होत्या व नळ्यांतून थंड फ्रिऑन वाहत असे. योजना निर्दोष दिसत होती. पण पहिल्याच यंत्रानें परीक्षा पाहिली. शीतयंत्राच्या दाबपंपासाठीं फ्रिऑनमध्यें वंगणाचें तेल मिसळलेलें असतें. तें तेल नळ्यांच्या सांध्यांतून पाझरूं लागलें, सर्किट बोर्डांवर त्याचा थर जमला आणि बोर्ड बिघडले. नव्या कंपनीची सारी अब्रू ज्या एका यंत्रावर अवलंबून होती, तें सुमारें सहा महिने लांबणीवर पडलें. दोष ना गणितांत होता, ना चिपांत. तो सांध्यांत होता. नळ्यांचे सांधे झाळण्याची नवी पद्धति शोधल्यावरच यंत्र बाहेर पडूं शकलें. अब्जावधि गणितें करणाऱ्या यंत्राचें दैव एका झाळकाम करणाऱ्या कारागिराच्या हातीं असूं शकतें, हा धडा त्या सहा महिन्यांनीं दिला.

पुढें १९८५ सालच्या ‘क्रे-२’ मध्यें क्रे ह्यांनीं परातीची कल्पना शेवटच्या टोकाला नेली. सर्किट बोर्डांच्या गठ्ठ्या त्यांनीं सरळ द्रवांत बुडवूनच टाकल्या. अर्थात् हा द्रव पाणी नव्हे. ‘फ्लुओरिनर्ट’ नांवाचा, वीज वाहून न नेणारा, रंगहीन असा तो रासायनिक द्रव होता. पारदर्शक भिंतींमधून आंतील खळखळाट दिसे, म्हणून लोकांनीं त्या यंत्राला गमतीनें ‘बुडबुडे’ असें नांव दिलें. दुसरीकडे आय. बी. एम. ह्या कंपनीनें १९८० च्या सुमारास वेगळा मार्ग स्वीकारला. एका चिनी मातीसारख्या पाटीवर शंभराहून अधिक चिपा बसवून प्रत्येक चिपेच्या पाठीवर स्प्रिंगनें दाबलेला ॲल्युमिनिअमचा एकेक दट्ट्या टेकविला. मधल्या पोकळींत हेलिअम वायू भरला, आणि वरून थंड पाण्याची पेटी बसविली. पाणी आणि वीज ह्यांचें वैर सर्वश्रुत आहे. तथापि मध्यें धातूची भिंत घालून दोघांनाही एकाच घरांत नांदविणें शक्य आहे, हें ह्या यंत्रांनीं सिद्ध केलें.

मग कांहीं वर्षें असें वाटलें, कीं हें नळकाम कायमचें संपलें. अधिक थोड्या विजेवर चालणाऱ्या नव्या जातीच्या ट्रान्झिस्टरांनीं १९९० नंतरच्या दशकांत जुन्यांची जागा घेतली आणि मोठे संगणकही पुन्हां पंख्याच्या वाऱ्यावर चालूं लागले. रॉबर्ट डेनार्ड ह्या शास्त्रज्ञानें आपल्या सहकाऱ्यांसह १९७४ सालींच दाखवून दिलें होतें, कीं ट्रान्झिस्टर जसजसा लहान करावा, तसतसा त्याला लागणारा विद्युत्-दाबही कमी करतां येतो. त्यामुळें तितक्याच जागेंत अधिक ट्रान्झिस्टर मावूनही उष्णता वाढत नाहीं. हा नियम तीस वर्षें उद्योगाला तारीत आला. परंतु विद्युत्-दाब शून्यापर्यंत उतरवितां येत नाहीं. एका मर्यादेखालीं ट्रान्झिस्टर नीट बंदच होत नाहीं आणि वीज गळत राहते. २००४ च्या सुमारास ही मर्यादा उघड दिसूं लागली, आणि ज्या चिपा केवळ अधिकाधिक वेगानें धांवणार होत्या, त्यांच्या योजना गुंडाळाव्या लागल्या. एकच घोडा अधिक जोरानें पिटाळण्याऐवजीं अनेक घोडे जोडावे, असा विचार सर्वत्र मान्य होऊं लागला.

हा विचार महाराष्ट्राला अपरिचित नव्हता. १९८० नंतरच्या दशकांत क्रे ह्यांच्यासारखीं यंत्रें भारताला देण्यावर अमेरिकेनें कडक निर्बंध ठेवले होते. त्यांतून १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली आणि डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. एका अतिवेगवान आणि अतितप्त गणकाच्या मागें न लागतां पुष्कळ साधे गणक एकत्र जोडून काम वांटून घ्यावें, हें त्याचें सूत्र होतें. हेंच सूत्र चित्र रेखाटणाऱ्या चिपेनें अगदीं निराळ्या गरजेपोटीं उचललें.

संगणकाच्या पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतील आणि चित्र सेकंदाला ६० वेळां बदलत असेल, तर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. सुदैवानें एका ठिपक्याचें काम बहुतांशीं दुसऱ्यासाठीं खोळंबून राहत नाहीं. लग्नाच्या पंगतींत शेंकडों पानें वाढावयाचीं असतात, तेव्हां एकच चपळ वाढपी कामाचा नसतो. अनेक साधे वाढपी लागतात. ग्राफिक्स चिपेंत असेच हजारों लहान गणक शेजारीं शेजारीं बसविलेले असतात. १९९६ सालीं आलेल्या ‘व्हूडू’ ह्या प्रसिद्ध कार्डाला पंख्याचीही गरज नव्हती. पण गणकांची संख्या वाढत गेली आणि तापही वाढत गेला. २००३ सालच्या एनव्हिडिया कंपनीच्या ‘जीफोर्स एफ. एक्स. ५८०० अल्ट्रा’ ह्या कार्डाचा पंखा इतका घोंघावे, कीं केस वाळविण्याच्या यंत्राशीं त्याची तुलना होऊं लागली. २०१३ सालीं ए. एम. डी. च्या ‘आर ९ २९० एक्स’ ह्या कार्डावरील चिप ९५ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापूं देण्याची योजनाच कंपनीनें केली होती. पाणी १०० अंशांस उकळतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या आंकड्याचा अर्थ कळतो. वाऱ्याचें सामर्थ्य आतां संपत आलें होतें. अशा स्थितींत तीच चिप, एक नव्हे तर दोन, एकाच बोर्डावर बसवावयाच्या असें ठरलें. आणि प्रारंभीं उल्लेखिलेलें नळ्यांचें कार्ड जन्मास आलें.

ह्या कार्डावरील प्रत्येक चिपेंत ६२० कोटी ट्रान्झिस्टर आणि २,८१६ लहान गणक होते. चिपेचें क्षेत्रफळ ४३८ चौरस मिलिमीटर, म्हणजे बाजू सुमारें २१ मिलिमीटर. १,००० वॅटच्या इस्त्रीचा तळ २०० चौरस सेंटिमीटर धरला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ५ वॅट उष्णता येते. ह्या चिपेच्या वांट्यास २०० वॅट धरले, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारें ४५ वॅट येतात. म्हणजे कपडे जाळण्यास समर्थ असलेल्या इस्त्रीच्या नऊपट उष्णता नखाएवढ्या जागेंतून उठत होती, आणि तिला ७५ अंशांच्या आंत ठेवावयाचें होतें.

बोर्डाची मांडणी ह्या आवश्यकतेनुसार झाली होती. दोन चिपा दोन बाजूंस, आणि मध्यें त्यांचा संगणकाशीं व्यवहार सांभाळणारी दुभाषी चिप व वीज नियंत्रित करणारी सामग्री. कार्डास १२ व्होल्टची वीज मिळे. चिपेला मात्र सुमारें सव्वा व्होल्टच हवी. दाब दहावा हिस्सा झाला, कीं तितक्याच शक्तीसाठीं प्रवाह दसपट लागतो. १.२ व्होल्टवर २०० वॅट पुरवावयाचे म्हणजे सुमारें १७० अँपिअरचा प्रवाह झाला. घरांतील मोठ्या उपकरणांच्या सॉकेटांतून १५-१६ अँपिअर मिळतात, ह्यावरून त्याची कल्पना यावी. सर्किट बोर्डावरील तांब्याच्या थराची सर्वसाधारण जाडी मिलिमीटरच्या तिसाव्या भागाएवढी असते. म्हणून एवढा प्रवाह एकाच थरांतून न नेतां अनेक थरांत वांटावा लागतो, आणि चिपेच्या अगदीं निकट दाब उतरवावा लागतो. त्याखेरीज प्रत्येक चिपेपासून तिच्या ४ गिगाबाइट मेमरीकडे ५१२ तारा जात आणि प्रत्येक तारेवरून सेकंदाला ५ अब्ज संकेत धांवत. ते एकाच वेळीं पोंचावे म्हणून तारांची लांबी सारखी राखावी लागते. जवळची तार मुद्दाम नागमोडी काढतात. आइसलर ह्यांची छापील पाटी येथें एखाद्या नगररचनेइतकी गुंतागुंतीची झालेली दिसते.

वीजपुरवठ्यांतही एक धाडस होतें. प्रचलित नियमाप्रमाणें अशा कार्डास खांचेंतून ७५ वॅट आणि आठ पिनांच्या प्रत्येक जोडणींतून १५० वॅट घेतां येत. ह्या कार्डावर तशा दोनच जोडण्या होत्या. म्हणजे बेरीज ३७५ वॅट; आणि कार्डाची गरज ५०० वॅट! तारांची खरी क्षमता नियमाहून अधिक असते, ह्या भरंवशावर कंपनीनें ही मर्यादा ओलांडली, आणि पुरेसा समर्थ वीजपुरवठा वापरण्याची जबाबदारी ग्राहकावर आली.

आतां पाण्याचा हिशोब पाहावा. एक लिटर पाण्याचें उष्णतामान एक अंशानें वाढावयास सुमारें ४,१८६ जूल उष्णता लागते. मिनिटाला एक लिटर पाणी खेळविलें, तर ५०० वॅट उष्णतेनें तें केवळ सात अंशांनीं तापेल. तेंच काम हवेकडून करून घ्यावयाचें, तर तेवढ्याच तापवाढीसाठीं मिनिटाला सुमारें साडेतीन हजार लिटर हवा चिपेवरून ढकलावी लागेल. प्रत्यक्षांत दोन्ही चिपांवर तांब्याची एकेक बैठक आणि तीवर एकेक चिमुकला पंप होता. द्रव एका चिपेवरून दुसरीवर जाई आणि मग १२० मिलिमीटर पंख्याच्या रेडिएटरांत उष्णता टाकून परत येई. सर्व नळ्या कारखान्यांतच भरून बंद केलेल्या होत्या. पाणी घालण्याची गरज नव्हती. मेमरी आणि वीज-नियंत्रणाची सामग्री ह्यांच्यासाठीं मात्र मधोमध एक साधा पंखा ठेवला होता. म्हणजे पाण्याचा मान चिपांना, आणि वाऱ्यावर समाधान इतरांना!

एका वर्षानें, जून २०१५ मध्यें, त्याच कंपनीनें ‘फ्यूरी एक्स’ हें कार्ड आणलें आणि प्रश्नाची दुसरी बाजू सोडविली. मेमरीच्या चिपा बोर्डभर पसरण्याऐवजीं त्यांचे चार मनोरे रचून ते मुख्य चिपेच्या अगदीं कडेला, सिलिकॉनच्या एका सामाईक पातळ बैठकीवर बसविले. अंतर कांहीं मिलिमीटरांवर आल्यामुळें ५१२ ऐवजीं ४,०९६ तारा ओढतां आल्या. आणि तारा पुष्कळ झाल्यामुळें प्रत्येकीला घाई करण्याचें कारण उरलें नाहीं. पांच अब्जांच्या ठिकाणीं एक अब्ज संकेत पुरले, वीज वांचली, आणि तरीही सेकंदाला ३२० ऐवजीं ५१२ गिगाबाइट माहिती वाहूं लागली. बोर्डावरील मोठी जागा मोकळी झाल्यामुळें कार्डाची लांबी १९५ मिलिमीटरवर आली. येथें एकच चिप होती आणि कार्डाचा खर्च २७५ वॅट धरलेला होता. ह्या वेळीं द्रवाची तांब्याची नळी वीज-नियंत्रणाच्या सामग्रीवरूनही फिरविली होती. क्रे ह्यांचा तार आंखूड करण्याचा मंत्र फुटांवरून मिलिमीटरांवर आला, एवढाच फरक. ह्या कार्डाला उणिवाही होत्या. मेमरी ४ गिगाबाइटच राहिली, ती पुष्कळांना अपुरी वाटली. आणि प्रारंभीच्या कांहीं कार्डांतील पंपाच्या बारीक किणकिण आवाजाबद्दल ग्राहकांनीं तक्रारी केल्या. वाऱ्याचा घोंघाट टाळावयास पाणी आणावें, तर पाण्याचाही एक सूर असतो!

तथापि ह्या सर्व प्रगतींत एक गोष्ट विसरली जाण्याचा संभव असतो. पाणी उष्णता नाहींशी करीत नाहीं; तें ती फक्त वाहून नेतें. परातींतील पाणी जसें शेवटीं कोमट होतें, तसेंच हें आहे. ५०० वॅटचें कार्ड चिपेला कितीही थंड ठेवो, तेवढी सगळी उष्णता रेडिएटरमधून खोलींतच येते, आणि मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्यांत ती बाहेर घालविण्यासाठीं दुसरें यंत्र, दुसरी वीज खर्चावी लागते. घरांतील एका कार्डापुरता हा प्रश्न लहान आहे. परंतु चित्रें रेखाटण्यासाठीं जन्मलेल्या ह्याच जातीच्या चिपा पुढें शास्त्रीय गणितासाठीं आणि कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं वापरूं लागले, आणि प्रश्नाचें स्वरूप पालटलें. २०२२ सालीं अमेरिकेंतील ओक रिज प्रयोगशाळेंतील ‘फ्रंटिअर’ हा महासंगणक जगांत सर्वांत वेगवान ठरला. त्यांत ए. एम. डी. च्या ग्राफिक्स-वंशांतील ३७,६३२ साधनें होतीं, आणि त्या सर्वांना पाण्यानें निववावें लागलें. तें यंत्र ज्या मालिकेंतील आहे, तिला ‘क्रे’ हेंच नांव आहे. सेमूर क्रे १९९६ सालीं मोटार-अपघातानंतर निधन पावले, आणि त्यांच्या नांवाची कंपनी २०१९ सालीं दुसऱ्या मोठ्या कंपनींत विलीन झाली, परंतु नांव टिकलें. २०२४ सालीं एनव्हिडिया कंपनीनें ७२ चिपा असलेलें पाण्यावर निवणारें जें एक कपाट जाहीर केलें, त्याची विजेची गरज सुमारें १२० किलोवॅट सांगितली गेली. क्रे-१ ची गरज ११५ किलोवॅट होती. त्याच्या मानानें हें एक कपाट कोट्यवधिपट गणित करतें. पण तापाचा आंकडा मात्र जेथल्या तेथें येऊन उभा राहिला आहे, आणि क्रे-१ हें एकच यंत्र मोठी अपूर्वाई होतें, तर अशीं कपाटें ओळींनें मांडलीं जातात.

म्हणून संगणकाच्या प्रगतीचें माप केवळ त्याच्या वेगावरून घेणें अपुरें होय. तो वेग किती विजेवर मिळाला, आणि त्या विजेचा ताप कोठें नेऊन टाकला, हेंही विचारलें पाहिजे. आइसलर ह्यांनीं तारा छापावयास शिकविलें, क्रे ह्यांनीं त्या आंखूड करावयास शिकविलें, आणि दोघांच्या कर्तृत्वाचा भार अखेर एका नळीच्या सांध्यावर येऊन टेकला. तो सांधा ज्याला साधला त्याचेंच यंत्र चाललें. पातेलें निववून झाल्यावर परातींतील कोमट पाणी गृहिणी वायां घालवीत नाहीं. तिला त्याचा कांहीं ना कांहीं उपयोग सुचतो. युरोपांतील कांहीं शहरांतून संगणकगृहांतील उष्णता नळांवाटे घरें उबदार ठेवण्यासाठीं नेली जाऊं लागली आहे. परातीचा अर्धा धडा यंत्रशास्त्रज्ञांनीं पूर्वींच घेतला होता. उरलेला अर्धा आतां कोठें त्यांच्या वाचनांत येऊं लागला आहे.